व्हिसा माफ, चौकशी नाही

इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाची अट माफ केली आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून ही सवलत स्थगितही केली. दरम्यान काय घडले ते आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेच सांगितले आहे. नोकरीचे किंवा इराणमार्गे तिसऱ्या देशात पोहोचवण्याचे आमिष दाखवून लोकांना या सवलतीवर तिकडे नेले जात होते आणि तिथे उतरल्यावर त्यांतल्या अनेकांचे खंडणीसाठी अपहरण झाले होते. सर्बियाचे कारण वेगळे, शेवट तोच. तिथे भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येत होते. तिथून पुढे युरोपात शिरणाऱ्यांचा प्रश्न वाढला, युरोपीय संघाने दबाव आणला आणि १ जानेवारी २०२३ पासून व्हिसा पुन्हा सक्तीचा झाला. दिवाळीच्या सुट्टीत थायलंड किंवा मलेशिया गाठायला निघालेल्या कुटुंबाला हे प्रसंग दूरचे वाटतील. पण व्हिसाशिवायच्या प्रवासाचे खरे स्वरूप त्यांतूनच कळते. ही सवलत यजमान देश देतो, अटी घालून देतो आणि स्वतःच्या सोयीने मागे घेतो. तिचा गैरवापर होत असल्याची शंका त्याच्या मनात कायम असते आणि समोर येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडे तो त्याच नजरेने पाहतो. व्हिसा माफ झाला की अर्ज वाचतो, फी वाचते, पासपोर्ट वकिलातीत अडकून पडत नाही. चौकशी मात्र राहतेच, तिची जागा आणि वेळ बदलते. हे लक्षात घेऊन तयारी केली तर सवलत खरोखर सुखाची. नाहीतर व्हिसा काढून जाणेच स्वस्त पडले असते, असे म्हणायची पाळी येते.

व्हिसासाठी अर्ज केला की आपली तपासणी निघण्याच्या काही आठवडे आधी होते. बँकेचे स्टेटमेंट, नोकरीचे पत्र, परतीचे तिकीट, राहण्याची सोय हे सारे कुणीतरी टेबलाशी बसून पाहतो. कागद कमी असेल तर बहुधा मागून घेतला जातो. नकार आला तर फी बुडते आणि बेत बदलावा लागतो. व्हिसामाफीत हीच तपासणी परक्या विमानतळावर, जागरणानंतर, मागे लांब रांग उभी असताना दोन-तीन मिनिटांत उरकली जाते. कागद घरी राहिला असेल तर आणायला जाता येत नाही. त्याहीआधी एक गाळणी असते, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे विमान कंपनी. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत घेऊन जाण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या कंपनीवर पडते आणि अनेक देश कंपनीला दंडही करतात. म्हणून मुंबईच्या चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी संगणकावर 'टिमॅटिक' उघडून पाहतो. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची ही माहितीप्रणाली आहे. कोणत्या पासपोर्टाला कोणत्या देशात काय लागते याची नोंद तीत असते. तिथे 'परतीचे तिकीट आवश्यक' असे दिसले आणि तुमच्याकडे फक्त जाण्याचे तिकीट असले, तर बोर्डिंग पास मिळणार नाही. त्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून काही साधत नाही, कारण चूक झाली तर भुर्दंड त्याच्या कंपनीला बसतो.

या अटी कुठे गुपचूप लपवलेल्या नसतात. फिलिपिन्सचे उदाहरण घ्या. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना तिथे १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते. त्याच नियमात पुढे लिहिले आहे की पासपोर्ट निदान सहा महिने वैध हवा, राहण्याचे पक्के बुकिंग हवे, खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा हवा, परतीचे किंवा पुढच्या देशाचे तिकीट हवे आणि ही मुदत वाढवून मिळणार नाही. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन देश, सिंगापूर किंवा ब्रिटन यांपैकी कुठला वैध व्हिसा अथवा रहिवासी परवाना असेल तर १४ चे ३० दिवस होतात. ही यादी वाचली की लक्षात येते, व्हिसाच्या अर्जाला जोडायची तीच ही कागदपत्रे. ती आता वकिलातीत द्यायची नाहीत, बॅगेत ठेवायची. आणि दुसऱ्या एखाद्या कडक देशाने तुम्हाला आधी पारखून घेतले असेल तर फिलिपिन्स तुमच्यावर जास्त विश्वास ठेवतो. म्हणजे तपासणी टळलेली नाही, ती दुसऱ्याकडून करून घेतलेली आहे.

वर्तमानपत्रांत दरवर्षी एक बातमी येते: भारतीय पासपोर्टावर आता इतक्या देशांत व्हिसाशिवाय प्रवेश. हा आकडा बहुतेक वेळा हेन्ली निर्देशांकातून घेतलेला असतो. त्या मोजणीत उतरल्यावर मिळणारा व्हिसा आणि आधी घ्यायची इलेक्ट्रॉनिक परवानगी हेही व्हिसाशिवायच धरले जातात. पासपोर्टांची क्रमवारी लावायला ते चालेल, सहल आखायला नाही. प्रत्यक्षात एकाच शीर्षकाखाली अगदी निरनिराळे प्रकार येतात. नेपाळला आपण १९५०च्या मैत्री करारामुळे जातो. तिथे व्हिसाचा प्रश्नच नाही. तरी विमानाने जाणाऱ्या प्रौढ माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते. पशुपतिनाथाच्या यात्रेला निघालेली पन्नाशीतली मंडळी नुसते आधार कार्ड घेऊन विमानतळावर येतात आणि अडकतात, कारण आधार चालते ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. भूतानलाही व्हिसा लागत नाही, पण प्रवेश परवाना लागतो आणि भारतीय पर्यटकाला माणशी दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. चौघांच्या कुटुंबाची पाच रात्रींची सहल असेल तर मुलांची सूट वगळता हा आकडा २४ हजारांपर्यंत जातो आणि पॅकेजच्या जाहिरातीत तो कधीकधी दिसत नाही. केनियाने २०२४च्या जानेवारीत गाजावाजा करून सर्व जगासाठी व्हिसा रद्द केला. त्या जागी आणलेली इलेक्ट्रॉनिक परवानगी मात्र निघण्याआधीच काढावी लागते आणि तिला पैसे पडतात. हाँगकाँगमध्ये भारतीयांना १४ दिवस व्हिसा नको. पण २३ जानेवारी २०१७ पासून आगाऊ ऑनलाइन नोंदणी करून तिची छापील पावती सोबत ठेवावी लागते आणि ही नोंदणी नाकारलीही जाऊ शकते. नाव काहीही असो, निघण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागत असेल आणि ती नाकारण्याचा अधिकार समोरच्याकडे असेल, तर तुमच्या नियोजनापुरता तो व्हिसाच समजा.

थायलंड आणि मलेशिया हे देश याहून मोकळे आहेत. मराठी पर्यटकांची गर्दीही तिकडेच अधिक. त्यांची सवलत एकतर्फी आहे. बदल्यात तसेच काही देण्याचे बंधन भारतावर नाही आणि ती चालू ठेवण्याचे बंधन त्यांच्यावरही नाही. पर्यटक हवेत म्हणून ती दिलेली आहे. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ला ३० दिवसांपासून सुरुवात केली, मुदती वाढवत नेल्या आणि १५ जुलै २०२४ पासून भारतासह ९३ देशांना ६० दिवस दिले. पुढच्याच वर्षी हे दिवस पुन्हा ३० वर आणण्याची चर्चा तिथल्या सरकारात सुरू झाली. मलेशियाची सवलत १ डिसेंबर २०२३ पासून आहे, ३० दिवसांची. तिची जाहीर मुदत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत आहे. त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा अनुभव आणि दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ यांवर विसंबू नका. नियम दोनदा पाहावेत: तिकीट काढण्यापूर्वी एकदा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा. पाहायचे तेही त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाच्या किंवा इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर. सहा-आठ महिने आधी बुकिंग करायचे असेल तर पैसे परत मिळणारे हॉटेल घेणे शहाणपणाचे, कारण सवलत मागे घेतली गेली तर हॉटेल किंवा विमान कंपनी पैसे परत द्यायला ते कारण मानेलच असे नाही. या दोन्ही देशांना आता ऑनलाइन अरायव्हल कार्डही लागते. मलेशियाचे २०२४च्या सुरुवातीपासून सक्तीचे आहे, थायलंडचे १ मे २०२५ पासून. दोन्ही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची आणि दोन्ही मोफत. सर्च केल्यावर सर्वांत वर येणारी साइट पैसे मागत असेल तर ती सरकारी नाही. थायलंडच्या सरकारी पत्त्याचा शेवट 'डॉट गो डॉट टीएच' असा असतो, मलेशियाचा 'डॉट गव्ह डॉट एमवाय' असा. पत्ता एकदा नीट वाचला की कुटुंबाचे हजारो रुपये वाचतात.

दिवस मोजण्यात तर सुशिक्षित माणसेही चुकतात. ३० दिवस म्हणजे महिना नव्हे, आणि पोहोचण्याचा दिवस हा सामान्यतः पहिला दिवस धरला जातो, मग विमान रात्री साडेअकराला का उतरेना. पासपोर्टावर शिक्का पडल्यावर तिथून हलण्यापूर्वी त्यावरची तारीख वाचावी, तीच खरी. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड आहे, कमाल २० हजार. रक्कम ऐकून काहींना वाटते, दोन दिवस जास्त राहू आणि दंड भरून टाकू. दंड भरता येतो, पण नोंद राहते, आणि मुक्काम ९० दिवसांहून अधिक लांबला तर स्वतःहून हजर झालेल्यालाही वर्षभराची प्रवेशबंदी होते. काही देश एका मुक्कामाबरोबरच एकूण दिवसांवरही मर्यादा घालतात. कझाकस्तान एका वेळी १४ दिवस देतो आणि १८० दिवसांत मिळून ४२. अमेरिकेचे किंवा ऑस्ट्रेलियाचे नागरिक झालेले आपले नातलग युरोपात व्हिसाशिवाय फिरतात, त्यांना लागू होणारा शेंगेनचा नियम याच जातीचा: कोणत्याही १८० दिवसांच्या पट्ट्यात ९० दिवस. तो पट्टा दर दिवशी पुढे सरकतो, म्हणून एक दिवस युरोपाबाहेर जाऊन आल्याने मोजणी शून्यावर येत नाही. लीप वर्ष नसेल तर १ जानेवारी ते ३१ मार्च असे ९० दिवस राहिलेल्या माणसाला ३० जूनपूर्वी पुन्हा आत पाऊल टाकता येत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून ही नोंद शिक्क्यांऐवजी बोटांच्या ठशांसह संगणकावर ठेवण्याची व्यवस्था युरोपाने सुरू केली आहे. पुसट शिक्क्याचा फायदा मिळण्याचे दिवस संपत आले.

दिवसांइतकेच महत्त्वाचे म्हणजे तिथे जाऊन काय करायचे. माफी पर्यटनाला, नातेवाइकांच्या भेटीला, फार तर एखाद्या व्यावसायिक बैठकीला असते. नोकरी तिच्यात कधीच बसत नाही. 'आधी व्हिसाशिवाय या, कामाचा परवाना इथे आल्यावर करून देऊ' असे कुणी सांगत असेल तर तो फसवतो आहे असेच धरून चाला. थायलंडच्या सवलतीवर बँकॉकला उतरलेल्या अनेक भारतीय तरुणांना माए सोतच्या सीमेवरून म्यानमारमध्ये म्यावाडी भागातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेण्यात आले. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ जणांना परत आणावे लागले. ज्यांच्या पासपोर्टावर 'ईसीआर' हा शेरा आहे, म्हणजे साधारणपणे जे दहावी उत्तीर्ण नाहीत, त्यांना १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते. त्या यादीत आखाती देशांबरोबर थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत. पर्यटनासाठी ती परवानगी लागत नाही, पण अशा प्रवाशाला आपल्याच विमानतळावर आपलेच अधिकारी बारकाईने विचारतात ते या पार्श्वभूमीवर. यातली एक पांढरपेशी छटाही आहे. पुण्यातली नोकरी चालू ठेवून लॅपटॉपसह दोन महिने फुकेतला राहण्याची फॅशन आली आहे. सुट्टीत चार ईमेलना उत्तरे देणे आणि सलग दोन महिने तिथून कामावर हजर असणे यांत फरक आहे. थायलंडने अशा लोकांसाठी २०२४मध्ये स्वतंत्र दीर्घ मुदतीचा व्हिसा सुरू केला, मलेशियाचाही दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना आहे. असे परवाने आहेत, यावरूनच पर्यटकाच्या सवलतीत हे काम गृहीत धरलेले नाही हे समजून घ्यावे.

आता एक असा मुद्दा, ज्याने सगळे नियम पाळणाराही फसतो. जिथे जायचे तो देश व्हिसामुक्त असला तरी वाटेतला देश नसतो. २०२४च्या टी-२० क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना बार्बाडोसला झाला. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, जमैकालाही नाही. पण मुंबईहून तिकडे जाणारी सोयीची विमाने लंडन किंवा न्यूयॉर्कवरून जातात. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी इमिग्रेशन पार करावे लागते आणि त्यासाठी निदान ट्रान्झिट व्हिसा हवाच. ब्रिटनमध्ये विमानतळाबाहेर पडायचे नसले तरी भारतीय पासपोर्टाला ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा वगैरे काही ठरावीक अपवाद आहेत. म्हणजे वेस्ट इंडीजचा व्हिसामुक्त प्रवास अनेकदा जगातल्या दोन कडक व्हिसांपैकी एक काढूनच सुरू होतो. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटे जोडणाऱ्यांचा धोका आणखी वेगळा. सामान मधल्या ठिकाणी स्वतः उचलून पुन्हा जमा करायचे असेल तर त्या देशात प्रवेश करावा लागतो, आणि मग 'मी तर फक्त पुढे जातोय' हे उत्तर पुरत नाही. म्हणून तिकीट काढताना प्रत्येक थांब्याचा नियम वेगळा तपासावा आणि शक्यतो संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर ठेवावा.

सवलत माणसाला मिळत नाही, त्याच्या हातातल्या पासपोर्टाला मिळते. एकाच घरातल्या आजीचा पासपोर्ट भारतीय, मुलाचा भारतीय पण सोबत अमेरिकेचे ग्रीन कार्ड, नातवाचा अमेरिकन असे आता सर्रास असते. मेक्सिको किंवा कॅनडाला नातू त्याच्या पासपोर्टावर जाईल, मुलगा ग्रीन कार्डाच्या आधारे जाईल आणि आजीसाठी वेगळे नियम पाहावे लागतील. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोवेकराला युरोपात दिवस मोजावे लागत नाहीत, पण स्वतःच्या गावी यायला मात्र ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. पासपोर्टाची वैधता परतीच्या तारखेपासून सहा महिने पुढे असावी, दोन-तीन पाने कोरी असावीत आणि पान फाटलेले, भिजलेले किंवा शिलाई सुटलेली नसावी. नावाची गंमत खास आपली आहे. मराठी पासपोर्टात पहिल्या रकान्यात आडनाव येते आणि दुसऱ्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव. तिकिटावर नुसते स्वतःचे नाव आणि आडनाव असले तर अनेकदा चालून जाते. अरायव्हल कार्डावर, ऑनलाइन नोंदणीवर मात्र पासपोर्टात आहे तसेच पूर्ण भरावे. लग्नानंतर तिकीट नव्या नावाने आणि पासपोर्ट जुन्या नावाने, हे तर कुठेच चालत नाही. एकटा पालक लहान मुलाला घेऊन जात असेल तर दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला सोबत असावा. बहुधा कुणी मागणार नाही. मागितले तर त्याला पर्याय नसतो.

एवढे वाचल्यावर कुणीही विचारेल, मग सवलतीचा उपयोग काय? सगळी कागदपत्रे जमवायचीच, तर व्हिसा काढलेला काय वाईट? आक्षेप रास्त आहे, पण अर्धा. फी, अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे आणि आठवड्यांची प्रतीक्षा वाचते. चौघांच्या घरात ही बचत मोठी असते आणि ऐनवेळी बेत आखता येतो. पण व्हिसावाल्याची आधीच एक परीक्षा झालेली असते. पुढे सीमेवर त्यालाही नाकारता येते, तरी तिथल्या अधिकाऱ्यापुढे त्याच्याच सरकारचा एक निर्णय असतो. व्हिसाशिवाय गेलेल्याची पाटी कोरी असते. म्हणून ज्याची परिस्थिती दोन वाक्यांत समजावता येत नाही, उदाहरणार्थ नुकतीच नोकरी सुटलेली, मुक्काम दीड-दोन महिन्यांचा, राहणे मित्राकडे, त्याने सवलत असतानाही त्या देशाचा नियमित व्हिसा मिळत असेल तर काढावा. फी त्या मानाने किरकोळ आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो: लाखो लोक जाऊन येतात, कुणी काही विचारत नाही. हेही खरे. ग्रुप टूरमधले मध्यमवयीन जोडपे, जुन्या पासपोर्टावर पाच-सहा शिक्के, गळ्यात ट्रॅव्हल कंपनीचे कार्ड. त्यांना कोण अडवणार? पण चौकशी सर्वांची सारखी होत नाही. नवा कोरा पासपोर्ट असलेला, एकटा, पंचविशीतला, उशिरा तिकीट काढलेला तरुण असेल तर तीच खिडकी वेगळी वागते. डिसेंबर २०२३मध्ये निकाराग्वाला निघालेले, बहुतांश भारतीय असे ३०३ प्रवासी असलेले विमान फ्रान्समधल्या व्हात्री विमानतळावर मानवी तस्करीच्या संशयाने थांबवण्यात आले आणि त्यातले २७६ जण शेवटी मुंबईत उतरले. अशा घटना जगभरच्या इमिग्रेशन खात्यांच्या लक्षात राहतात. त्यांचा भुर्दंड निरपराध तरुणाने सोसावा हे अन्यायाचे आहे, आणि तसे म्हणायला संकोच नको. पण काउंटर ही त्या अन्यायाची दाद मागण्याची जागा नव्हे. ज्याला जास्त प्रश्न येण्याची शक्यता आहे, त्याने जास्त कागद बाळगावेत, एवढाच व्यवहार्य मार्ग आहे.

'आमचा एजंट सगळे बघतो' हा तिसरा आक्षेप सर्वांत धोक्याचा. चांगली ट्रॅव्हल कंपनी कागद नीट जुळवून देते, यात वाद नाही. परंतु प्रश्न तुम्हाला विचारले जातात. कोणत्या हॉटेलात राहणार, किती दिवस, कुठे कुठे जाणार, काय काम करता, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असायला हवे. नवऱ्याने सात दिवस सांगितले आणि बायकोने दहा, तर दोघेही खरे बोलत असूनही संशय येतो. काही एजंट तपासणीपुरते खोटे हॉटेल बुकिंग किंवा रद्द होणारे तिकीट करून देतात. अधिकारी त्या क्रमांकावरून खातरजमा करू शकतो, आणि तो कागद खोटा निघाला की बाकीचे खरे कागदही वाचले जात नाहीत. म्हणून एक पातळ फाइल स्वतः तयार करावी: परतीचे तिकीट, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे बुकिंग, प्रवास विमा, बँकेचे अलीकडचे स्टेटमेंट, नोकरीचे किंवा धंद्याचे पत्र, अरायव्हल कार्डाची पावती. ओळखीच्यांकडे राहणार असाल तर त्यांचा पत्ता, फोन आणि त्यांच्या तिथल्या ओळखपत्राची प्रत. हे सर्व छापील असावे, कारण विमानतळावर उतरल्यावर पहिल्यांदा बंद पडतो तो मोबाइल डेटा. थोडी रोख परकीय रक्कम आणि परदेशात चालू केलेले कार्डही हवे. उत्तरे छोटी आणि खरी द्यावीत. न विचारलेले सांगत बसू नये, आणि विनोद तर अजिबात करू नये.

परतीच्या वाटेवरचा एक नियम आफ्रिकेला जाणाऱ्यांच्या ध्यानात नसतो. केनियासारख्या देशातून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल तर आपलाच विमानतळ त्याला विलगीकरणात ठेवू शकतो. ही लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते, म्हणून मसाई माराची सफारी ठरली की पहिले काम लसीचे. इलेक्ट्रॉनिक परवानगी त्यानंतर काढली तरी चालते.

आणि इतके करूनही अडवलेच तर? आवाज चढवू नये, पण कोणत्या कारणासाठी अडवले हे विचारावे आणि शक्य असेल तर ते लेखी मागावे. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करण्यापूर्वी दुभाषी किंवा इंग्रजी प्रत मागावी. तिथल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवलेला असावा. दूतावास त्या देशाचा निर्णय बदलू शकत नाही, पण ताब्यात ठेवलेल्या नागरिकाची विचारपूस करणे आणि घरी कळवणे त्याच्या कामात मोडते. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांना तक्रारही नोंदवता येते. परत पाठवले गेल्यास बोर्डिंग पास, मिळालेली नोटीस आणि पासपोर्टावर काही शिक्का मारला असेल तर त्याची प्रत जपून ठेवा. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्या व्हिसा अर्जात पुढे कधीतरी प्रश्न येईल: तुम्हाला कोणत्याही देशाने प्रवेश नाकारला आहे का? तिथे 'होय' लिहून खाली कारण द्यायचे आणि ती नोटीस जोडायची. नाकारला गेलेला प्रवेश नीट समजावून सांगता येतो. लपवलेला सापडला तर अर्ज त्याच कारणाने फेटाळला जातो, आणि काही देश त्यापुढे वर्षानुवर्षे अर्जच घेत नाहीत.